‘फिजिशियनचा फिटनेस घेऊन या’ : हृदयरुग्णाने सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी काय करून घ्यावे

पोट कमी करून घेण्यासाठी, डोळ्यांखालच्या पिशव्या काढण्यासाठी किंवा केशरोपणासाठी सल्ला घ्यायला गेलेल्या माणसाने बोलण्याच्या ओघात ‘दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आहे’ असे सांगितले, की समोरून बहुधा एकच वाक्य येते : ‘फिजिशियनचा फिटनेस घेऊन या.’ मग घराजवळच्या दवाखान्यात एक ईसीजी निघतो, हिमोग्लोबिन आणि साखर तपासली जाते, आणि लेटरहेडवर ‘शस्त्रक्रियेसाठी फिट’ एवढी ओळ लिहून मिळते. ती शस्त्रक्रिया कोणती, ती किती तास चालणार, भूल कोणत्या प्रकारची, चालू गोळ्यांपैकी कोणती थांबवायची आणि कोणती मुळीच थांबवायची नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. त्या ओळीच्या जागी काय असायला हवे आणि रुग्णाने ते कसे मिळवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अपेंडिक्स फुटले किंवा खुब्याचे हाड मोडले, तर हृदय कमकुवत असले तरी डॉक्टरांना धोका पत्करून शस्त्रक्रिया करावीच लागते. सौंदर्यशस्त्रक्रियेत अशी घाई कोणीच लावलेली नसते. ती सहा महिन्यांनी केली काय किंवा दोन वर्षांनी केली काय, प्रकृतीचे काहीही बिघडत नाही. हृदयरुग्णाच्या हातात असलेली ही सर्वांत मोठी सवलत आहे, आणि लग्नाची तारीख, परदेशातून आलेल्या मुलांची सुटी किंवा ‘या महिन्याअखेरपर्यंत सूट’ अशा कारणांपायी ती हातची घालवली जाते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख सर्वांत शेवटी ठरवावी, आणि आगाऊ रक्कम तर त्याच्याही नंतर भरावी.

अमेरिकेत २००७ च्या नोव्हेंबरमध्ये घडलेली एक घटना या संदर्भात सांगण्यासारखी आहे. गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, इंग्रजीच्या प्राध्यापक डॉ. डोंडा वेस्ट, यांच्यावर कॅलिफोर्नियात लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणे) आणि स्तनांची शस्त्रक्रिया झाली, त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५८ होते. शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाच्या धमन्यांचा विकार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक अशी कारणे नोंदवली गेली. त्याआधी दुसऱ्या एका सर्जनने प्रकृतीची तपासणी झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे त्यांना सांगितले होते. पुढे २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची शारीरिक तपासणी व वैद्यकीय लेखी मान्यता बंधनकारक झाली. कायद्याने जे सर्जनवर सोपवले, ते आपल्याकडच्या रुग्णाने स्वतः आग्रह धरून करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किती काळ थांबायचे

हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला नसेल, तर तातडीच्या नसलेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी किमान ६० दिवस जाऊ द्यावेत, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही किमान मर्यादा पित्ताशय किंवा हर्नियासारख्या गरजेच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. केवळ रूपासाठी करायच्या शस्त्रक्रियेला तीच मोजपट्टी लावून एकसष्टाव्या दिवशी टेबलावर जाण्यात शहाणपण नाही.

स्टेंट बसवला असेल तर हिशेब अधिक काटेकोर होतो. आजकाल बसवले जाणारे बहुतेक स्टेंट औषधाचा लेप असलेले असतात, आणि त्यांच्या जाळीवर रक्तवाहिनीचे आतले अस्तर तयार व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक गोळी चालू असते, आणि ती मधेच थांबवली तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते. शस्त्रक्रियेमुळे शरीराची रक्त गोठवण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते, त्यामुळे हा धोका दोन्ही बाजूंनी येतो. स्टेंट झटका आल्यामुळे बसवला असेल तर १२ महिने, आणि झटका न येता केवळ छातीत दुखण्याच्या जुन्या तक्रारीसाठी बसवला असेल तर ६ महिने थांबणे योग्य मानले जाते. आपल्या फायलीतले अँजिओप्लास्टीचे कार्ड काढून त्यावरची तारीख आणि स्टेंटचा प्रकार स्वतः पाहावा. ‘साधारण वर्ष झाले असेल’ या अंदाजावर कोणालाही निर्णय घेऊ देऊ नये.

रक्तदाब दवाखान्यात १८०/११० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. पायांवर सूज आहे, रात्री उताणे झोपले की धाप लागते, अलीकडे छातीतले दुखणे कमी श्रमातही येऊ लागले आहे, चक्कर येऊन पडण्याचा प्रकार झाला आहे, किंवा महाधमनीची झडप बरीच अरुंद झाल्याचे निदान आहे, अशा स्थितीत सौंदर्यशस्त्रक्रियेचा विषयच बाजूला ठेवावा आणि आधी हृदयाचे उपचार पूर्ण करावेत.

फिटनेसचे पत्र कसे मागावे

हृदयरोगतज्ज्ञाकडे जाताना हात हलवत जाऊ नये. आधी सर्जनकडून एका कागदावर लिहून घ्यावे : शस्त्रक्रियेचे नाव, एकाच वेळी किती शस्त्रक्रिया करणार, अंदाजे किती तास, भूल पूर्ण की त्या भागापुरती, झोपेचे औषध शिरेतून देणार की नाही, बधिरतेच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारे ॲड्रेनालिन किती वापरणार, रक्तस्राव आणि शिरेतून द्यायचे पाणी यांचा अंदाज काय, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाणार की रात्रभर राहणार. हा कागद समोर असला म्हणजे हृदयरोगतज्ज्ञाला नेमक्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येते. एरवी ‘छोटेसेच ऑपरेशन आहे’ एवढेच त्यांच्या कानावर पडते, आणि चार तासांच्या लायपोसक्शनला पापणीच्या शस्त्रक्रियेइतकीच मोकळीक मिळून जाते.

तज्ज्ञ सर्वांत आधी एक साधा प्रश्न विचारतील, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे : न थांबता, धाप किंवा छातीत दुखणे न येता, तुम्ही दोन मजले जिना चढू शकता का? एवढे श्रम सहज झेपत असतील तर हृदयाला शस्त्रक्रियेचा ताण पेलण्याची शक्यता चांगली असते. अनेकांची मात्र गंमत अशी होते, की लिफ्टच्या इमारतीत राहत असल्यामुळे दोन मजले चढण्याचा प्रसंगच वर्षानुवर्षे आलेला नसतो, आणि ‘मला काही त्रास होत नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. भेटीला जाण्याआधी आठवडाभर आपल्या चालण्या-चढण्याकडे लक्ष द्यावे. मात्र नुकताच झटका आलेल्या किंवा छातीत दुखणाऱ्या माणसाने असा प्रयोग स्वतःहून करू नये.

हृदयाचा धोका मोजण्यासाठी १९९९ पासून सहा मुद्द्यांचे एक कोष्टक जगभर वापरले जाते. धमन्यांचा विकार, हार्ट फेल्युअर (हृदयाचा पंप कमकुवत होणे), पूर्वीचा पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि शस्त्रक्रियेचाच मोठेपणा हे ते मुद्दे. सौंदर्यशस्त्रक्रिया त्वचेच्या आणि चरबीच्या थरात होत असल्यामुळे सहावा मुद्दा सहसा लागू होत नाही. पण पहिल्या पाचांपैकी दोन-तीन जमत असतील, तर छोटी शस्त्रक्रियासुद्धा मोठ्या रुग्णालयातच व्हावी. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, प्रत्येकाला लागतेच असे नाही. झडपेचा विकार, धाप, पायांवरची सूज किंवा पूर्वीचे हार्ट फेल्युअर असेल तर ती ताजी हवी. स्ट्रेस टेस्ट आणि अँजिओग्राफी केवळ ‘खात्रीसाठी’ करण्याने फारसे हाती लागत नाही; त्या तपासण्यांची गरज लक्षणांवरून ठरते.

पत्र हातात आल्यावर त्यात चार गोष्टी आहेत का ते वाचून पाहावे. सध्याचे निदान आणि हृदयाची पंपिंगची क्षमता, औषधांचे दिवसवार वेळापत्रक, शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब कोणत्या मर्यादेत ठेवावा ही सूचना, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा ते नाव. हे पत्र भूलतज्ज्ञाच्या हातात शस्त्रक्रियेच्या सकाळी पडून उपयोग नाही. किमान आठवडाभर आधी भूलतज्ज्ञाची स्वतंत्र भेट घ्यावी. भूलतज्ज्ञ कोण असणार हेच जिथे सांगता येत नाही, तिथे हृदयरुग्णाने शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

गोळ्यांचा हिशेब

माझ्या मते सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्याही दोन्ही दिशांनी : जी गोळी थांबवायला हवी ती चालू राहते, आणि जी चालू राहायला हवी ती ‘ऑपरेशन आहे ना’ म्हणून घरच्या घरी बंद होते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात करू. क्लोपिडोग्रेल सहसा ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात, पण ती थांबवता येण्यासारखी वेळ आली आहे की नाही हे केवळ हृदयरोगतज्ज्ञ ठरवू शकतो. सर्जनच्या सहायकाने फोनवर सांगितले म्हणून ती बंद करू नये. स्टेंट असलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. सर्जनला ॲस्पिरिन नकोशी वाटत असेल, कारण चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत थोड्या रक्तस्रावानेही निकाल बिघडतो, तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी प्रत्यक्ष बोलावे आणि एकमत झाले नाही तर शस्त्रक्रिया करू नये. ॲस्पिरिन बंद करूनच जी शस्त्रक्रिया चांगली होते, ती शस्त्रक्रिया त्या रुग्णासाठी नाही.

आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापातून झडपा खराब होऊन त्या बदलाव्या लागलेल्या स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे, आणि त्यांतल्या अनेक जणी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल घेत असतात. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवावे लागते. ॲसेनोकुमॅरॉलचा परिणाम त्याहून लवकर ओसरतो, त्यामुळे दोन्हींचे वेळापत्रक सारखे नसते. धातूची झडप, विशेषतः डाव्या कप्प्यांमधली मायट्रल झडप बदलली असेल, तर मधल्या दिवसांत गुठळी रोखणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने द्यावी लागतात, आणि इतकी उलाढाल केवळ पोटाच्या घडीसाठी करावी का, असा प्रश्न मी अशा बहिणींना मनापासून विचारीन. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे, वॉरफरिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिज’ या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना मधल्या काळात हेपारिन दिल्याने गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट रक्तस्राव मात्र वाढला.

हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातली मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास हृदयाचे ठोके उसळतात. मात्र आधी कधीही न घेतलेली बीटा ब्लॉकर शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्याने सुरू करणे घातक ठरू शकते. २००८ च्या ‘पॉइज’ अभ्यासात अशा रुग्णांत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा २४ तास आधी थांबवतात, कारण त्यांच्यामुळे भुलेखाली रक्तदाब फार खाली जातो. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता मधुमेहाबरोबरच हार्ट फेल्युअरसाठीही सर्रास दिल्या जातात. त्या किमान ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन ही आम्ले वाढून रुग्ण गंभीर होऊ शकतो. वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, कारण त्याने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि उपाशी असूनही भुलेखाली अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. वजन उतरल्यावर सैल झालेली त्वचा काढायला येणाऱ्यांत ही औषधे घेणारे पुष्कळ असतात.

संकोचामुळे लपवल्या जाणाऱ्या औषधांकडेही लक्ष वेधतो. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेतले असेल आणि छातीत दुखले म्हणून नायट्रेटची गोळी दिली गेली, तर रक्तदाब कोसळतो. केसांसाठी तोंडाने घ्यायची मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी आहे. तिने पाणी साठते, धडधड वाढते, आणि क्वचित हृदयाभोवतीच्या आवरणातही पाणी जमते. हृदयरुग्णाने ती हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता घेऊ नये, मग केशरोपण करणाऱ्या केंद्राने ती कितीही सहजपणे लिहून दिलेली असो. वैद्यांकडची औषधेही यादीत लिहा : ज्येष्ठमधाचा काढा दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते, सर्पगंधेने रक्तदाब आणि ठोके उतरतात, लसणाच्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो. ‘ते काय, झाडपाल्याचे औषध’ असे म्हणून हे सोडून देऊ नये.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनाही औषधांइतकेच महत्त्व द्यावे. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात; फेसलिफ्ट (चेहऱ्याची त्वचा ताणून घेणे) किंवा टमी टकमध्ये (पोटाची सैल त्वचा काढून घेणे) त्वचेचा मोठा पदर उचललेला असतो, तो रक्ताअभावी काळा पडू शकतो. मिश्री लावणाऱ्या बाईला ‘धूम्रपान करता का’ असे विचारले तर ती नाहीच म्हणणार, आणि ते खरेच असते. म्हणून स्वतःहून सांगावे, आणि किमान ४ आठवडे आधी बंद करावी.

कोणत्या शस्त्रक्रियेत हृदयावर काय येते

लायपोसक्शनविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याला टाके फारसे नसतात आणि म्हणून ते किरकोळ समजले जाते. या पद्धतीत चरबीत आधी लिटर-लिटरच्या हिशेबाने खारे पाणी भरले जाते, आणि त्यात बधिरतेचे लिग्नोकेन व रक्तवाहिन्या आवळणारे ॲड्रेनालिन मिसळलेले असते. ॲड्रेनालिनसह दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या इंजेक्शनात लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात. या पातळ द्रावणात मात्र ती किलोमागे ३५ मिलिग्रॅम किंवा त्याहून वर जाते. ७० किलोच्या माणसासाठी हा फरक ४९० मिलिग्रॅम आणि २४५० मिलिग्रॅम असा होतो. द्रावण सावकाश शोषले जात असल्यामुळे निरोगी माणसाला ते चालते. पण लिग्नोकेनचा निचरा यकृत करते, आणि हार्ट फेल्युअरमध्ये यकृताकडे रक्त कमी जाते. ॲमिओडेरोन, डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही हृदयाची औषधे तोच निचरा आणखी मंदावतात. शिवाय रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण १२ तासांनी, म्हणजे रुग्ण घरी पोहोचून झोपलेला असताना. जिभेला मुंग्या, कानात आवाज, गुंगी, आणि पुढे आकडी किंवा हृदयाचे ठोके बिघडणे, असा तो क्रम असतो. म्हणून हृदयरुग्णाने लायपोसक्शन केलेच तर थोड्या भागाचे करावे, एकूण मात्रा वजनाप्रमाणे काढून लिहून घ्यावी, आणि ती रात्र रुग्णालयात मॉनिटरवर काढावी. ५ लिटरहून अधिक काढण्याचे मोठे लायपोसक्शन अशा रुग्णाने करूच नये, कारण भरलेल्या पाण्याचा बराच भाग अंगातच राहतो, नंतर रक्तात येतो, आणि कमकुवत हृदयाच्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साठते.

प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांनी ॲड्रेनालिनबाबत विशेष सावध राहावे. ही गोळी हृदयासाठीच असते असे नाही. अर्धशिशी, हाताचा कंप किंवा धास्ती यांसाठीही ती दिली जाते. तिच्यासोबत ॲड्रेनालिन अधिक प्रमाणात गेले तर रक्तदाब एकदम चढतो आणि ठोके मंदावतात. नाकाच्या शस्त्रक्रियेत, केशरोपणात आणि लायपोसक्शनमध्ये हा मुद्दा आठवणीने सांगावा.

टमी टकमध्ये मुख्य भीती पायांतल्या गुठळीची असते. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये ती यातच सर्वाधिक आढळते. पोटाचे स्नायू घट्ट शिवल्याने पोटातला दाब वाढतो, पायांकडचे रक्त वर यायला अडते, आणि वेदनेमुळे रुग्ण वाकून, कमी चालतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर उजव्या हृदयावर अचानक भार येतो. कॅप्रिनी नावाच्या गुणपद्धतीने हा धोका मोजून घ्यावा आणि त्यानुसार पायांचे दाबपट्टे, लवकर चालणे व गरज असल्यास हेपारिन ठरवावे. बायपास झालेल्यांनी डिस्चार्जचा कागद सर्जनला दाखवावा. बायपासमध्ये बहुतेकदा छातीच्या आतल्या बाजूची धमनी हृदयाकडे वळवलेली असते, आणि स्तनाच्या व पोटाच्या वरच्या भागाच्या त्वचेला रक्त पुरवण्यात त्याच धमनीच्या शाखांचा वाटा असतो. छेद कुठे घ्यायचा हे त्यावरून बदलू शकते.

फेसलिफ्टचा प्रश्न रक्तदाबाचा आहे. शुद्धीवर येताना खोकला, उलटी किंवा वेदना यांनी दाब उसळला, की त्वचेखाली रक्त साठते आणि पुन्हा थिएटरमध्ये जावे लागते. पुरुषांत हे अधिक होते. पापणीची शस्त्रक्रिया त्या मानाने हलकी, अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाची आणि जागेपणी करता येण्यासारखी. केशरोपण जागेपणीच होते, पण सहा-आठ तास चालते, बधिरतेचे औषध पुन्हा पुन्हा दिले जाते, आणि बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञ आसपासही नसतो. हृदयरुग्णाने ते दोन दिवसांत विभागून करून घ्यावे.

फिनॉल हे रसायन लावून त्वचेचे थर काढणारे चेहऱ्याचे खोल फिनॉल पील हृदयरुग्णाने टाळावे. फिनॉल त्वचेतून रक्तात जाते आणि ठोक्यांची लय बिघडवते; म्हणूनच जाणकार डॉक्टर निरोगी माणसातही ते ईसीजी मॉनिटर लावून, चेहऱ्याचा एकेक भाग घेऊन, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती देऊन करतात. ब्राझीलमध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर जून २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य-नियामक संस्थेने सौंदर्योपचारांसाठीच्या फिनॉलच्या उत्पादनांवर बंदी घातली.

पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेले असेल तर शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवणाऱ्या कॉटरीची वीज त्या यंत्राला फसवू शकते. आयसीडीला ती विद्युतलहर म्हणजे हृदयाची बिघडलेली लय वाटते आणि ते विनाकारण झटका देते. शक्यतो दुहेरी टोकाची, म्हणजे बायपोलर कॉटरी वापरावी, आणि बेंबीच्या वरच्या शस्त्रक्रियेत अधिक जपावे. पेसमेकरची तपासणी मागच्या १२ महिन्यांत आणि आयसीडीची ६ महिन्यांत झालेली असावी. शस्त्रक्रियेपुरते आयसीडी बंद केले असेल, तर घरी सोडण्याआधी ते पुन्हा चालू केल्याची नोंद स्वतः पाहावी. त्वचा घट्ट करणारी रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रे ब्यूटी पार्लरमध्येही असतात, आणि अशा रुग्णाने ती अंगाला लावून घेऊ नयेत.

तरुण मुलांविषयी इथेच लिहितो. छातीची वाढलेली गाठ काढायला येणाऱ्या पंचविशीतल्या मुलांपैकी काहींनी जिममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शने घेतलेली असतात. गाठ त्या इंजेक्शनांनीच वाढलेली असते, आणि हृदयाचा स्नायूही जाडावलेला असू शकतो. वय पाहून कोणी एको सांगत नाही. आई-वडिलांसमोर बोलता येत नसेल तर भूलतज्ज्ञाला एकट्याने भेटावे, पण सांगावे. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर तेही सांगावे.

जागा आणि माणसे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाविषयी सूचना काढल्या, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही असे त्यांत स्पष्ट म्हटले. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंद आहे का, हे विचारण्यात अवमान काही नाही. हृदयरुग्णासाठी मी जागेचा निकष याहून कडक ठेवीन : थिएटरमध्ये ईसीजी, ऑक्सिजन आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटर, विजेच्या झटक्याने हृदयाची लय परत आणणारा, चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर, लिग्नोकेनच्या विषबाधेवर द्यायचे २० टक्के स्निग्ध द्रावण, आणि त्याच इमारतीत आयसीयू. ‘जवळच्या हॉस्पिटलशी आमचा करार आहे’ हे उत्तर मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत पुरेसे नाही. ‘फक्त थोडी गुंगी देणार’ या आश्वासनानेही निश्चिंत होऊ नये. गुंगीत श्वास मंदावला आणि ऑक्सिजन उतरला, तर ताण हृदयावरच येतो.

खर्चाविषयी थोडक्यात. केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही. तिच्यातून उद्भवलेल्या हृदयाच्या गुंतागुंतीचा खर्च मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि आयसीयूच्या काही दिवसांची रक्कम वेगळी काढून ठेवावी. परदेशातून येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी परतीचे लांबचे विमान काही आठवडे तरी धरू नये.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस हृदयासाठी सर्वांत नाजूक असतात, आणि या काळातला झटका पुष्कळदा छातीत न दुखता येतो, कारण वेदनाशामकांनी दुखणे झाकलेले असते; मधुमेह्यांत तर एरवीही ते जाणवत नाही. म्हणून वाढती धाप, गार घाम, विनाकारण मळमळ, कमालीचा थकवा किंवा गोंधळलेपणा दिसला की ‘भुलेचा परिणाम असेल’ असे म्हणत बसू नये. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा श्वास घेताना छातीत टोचणे, ही गुठळीची चिन्हे असू शकतात.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा इटोरिकॉक्सिब घेऊ नयेत. या गोळ्यांनी झटक्याचा आणि पाणी साठण्याचा धोका वाढतो, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचे काम अडवते. डिस्चार्जच्या कागदावर सवयीने यांपैकी एखादे नाव लिहिलेले असते, ते तिथेच बदलून घ्यावे आणि पॅरासिटामॉलवर आधारलेली योजना मागावी. थांबवलेली प्रत्येक गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. स्टेंटची गोळी शस्त्रक्रियेआधी काळजीपूर्वक थांबवली आणि नंतर सुरू करायला कोणी सांगितलेच नाही, हा प्रकार कागदावर तारीख नसल्यामुळेच घडतो.

पहिल्या दोन रात्री घरातले कोणीतरी जागरूक माणूस त्याच खोलीत झोपावे, आणि रक्तदाब सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावा. त्रास वाटला तर सर्जनच्या परतीच्या फोनची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फिटनेसचे पत्र, गोळ्यांची यादी, शेवटचा ईसीजी आणि दिलेल्या लिग्नोकेनची मात्रा एकाच पाकिटात घालून ते पाकीट त्या माणसाच्या उशाशी ठेवावे, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.